जुनी क्रूझर घेताय? आधी मागच्या टायरवरची अक्षरं वाचा

कोल्हापुरात जुनी क्रूझर, म्हणजे लांब, बसक्या ठेवणीची बाइक, बघायला गेलात आणि विकणारा "मागं इम्पोर्टेड वाइड टायर टाकलाय" म्हणाला, तर पैसे काढायच्या आधी एवढं वाचून जा. वाइड टायर म्हणून माझ्या गळ्यात कारचा, तोही वापरून काढलेला, टायर मारला गेला.

दुकानाचं नाव लिहीत नाही, वाद अजून मिटलेला नाही. गाडी एमएच-०९ पासिंगची, एकाच मालकाची, कागदपत्रं स्वच्छ. इंजिनही खरंच चांगलं होतं. ते तपासायला उद्यमनगरातला ओळखीचा मिस्त्री सोबत होता. त्याने आवाज ऐकला, ऑइल बघितलं, क्लच बघितला आणि मान डोलावली. मागचा टायर मात्र दोघांनीही रुंदीवरूनच बघितला. पॉलिश मारून काळाकुळकुळीत केलेला, चांगला जाडजूड. दुकानदार म्हणाला, "दादा, असला टायर अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या गाडीला दावा. हौसेला मोल नसतंय." गाडीच्या किमतीवर टायरचे म्हणून नऊ हजार वेगळे घेतले आणि बिलावर लिहिलं, "एक्स्ट्रा फिटिंग".

सरळ रस्त्यावर काही कळत नाही, उलट गाडी जास्तच स्थिर वाटते. खरी गंमत पन्हाळ्याच्या रस्त्याला कळली. वाघबीळ सोडून चढ लागला की गाडी वळणात झोपायलाच तयार नाही. जोर लावून झोपवली, तर एका टप्प्यापर्यंत अडून बसते आणि मग एकदम कलंडल्यासारखी पडते. हँडलवरचा दाब जरा सैल केला की पुन्हा उभी राहायला बघते. गगनबावड्याच्या रस्त्यावर, जिथे जड वाहनांनी डांबर दाबून चाकोऱ्या पडल्यात, तिथे मागचं चाक स्वतःच्या मर्जीने चाकोरीत शिरायचं. दुकानदाराला फोन केला तर उत्तर आलं, "नवा टायर हाय, रबर सेट व्हायला टाइम लागतोय. चालवा बिनधास्त."

हे सगळं का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. बाइकचा टायर आडव्या छेदात गोल असतो. गाडी कितीही झुकली तरी त्या गोलाईचा कुठला ना कुठला भाग रस्त्याला सारखाच टेकलेला राहतो आणि झुकल्यामुळेच गाडी वळते. कार झुकून वळत नाही, म्हणून तिच्या टायरचा माथा सपाट असतो आणि कडेला कोपरा असतो. तोच टायर बाइकला लावला की वळणात सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो. शिवाय कारच्या टायरची घडण जास्त वजनासाठी असते. बाइकच्या हलक्या वजनाखाली तो पुरेसा दबत नाही, तापत नाही. पावसात गाडी झुकलेली असताना अशा टायरवर ब्रेक दाबायचा, हे आपल्याकडच्या जून-जुलैत कोणावर येऊ नये.

बिंग फुटलं ते गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या कळे गावाजवळ, पंक्चर काढताना. पंक्चरवाल्या पोराने टायर रिमवरून सोडवायला घेतला तर निघेना. बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी तारेची कड, इतकी घट्ट रुतलेली की त्याचा घाम निघाला. बाइकच्या आणि कारच्या रिमची बैठक वेगळी असते, दोन्हींवर १५ इंच लिहिलेलं असलं तरी. असा टायर बळंच बसवायला हवाही मापाबाहेर मारावी लागते आणि त्या वेळी तो फुटला तर समोरच्या माणसाचं काही खरं नाही. शेवटी टायर निघाला, तर आत ट्यूब. ट्यूबलेस रेडियल टायरमध्ये ट्यूब घालून माझ्या स्पोकच्या चाकावर चढवलेला. पोरगं म्हणालं, "मालक, ह्यो फोर व्हीलरचा हाय की. कुणी घातला?"

डाव्या बाजूची अक्षरं ग्राइंडरने घासून वर पॉलिश चोपडलं होतं. दुकानात गाडी साइड स्टँडवर उभी असायची आणि गिऱ्हाइकाला तीच बाजू दिसायची. सायलेन्सरमागे लपलेल्या उजव्या बाजूला सगळं शाबूत होतं: १७५/६५ आर १५, म्हणजे १७५ मिलिमीटर रुंद आणि १५ इंची रिमचा, पुढे ८४ टी. माझ्या गाडीचं कंपनीचं माप १३०/९०-१५. दोन्ही टायरांची उंची जवळजवळ सारखी भरते, म्हणून स्पीडोमीटरवरूनही शंका येत नाही. खाली उत्पादनाचे चार आकडे ३११७, म्हणजे २०१७ सालचा ३१वा आठवडा. झाला का इम्पोर्टेड, नवा टायर! आणि एवढा रुंद टायर बसावा म्हणून मडगार्डही आतून छाटलेलं निघालं.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा मोबाइलची बॅटरी लावून टायरच्या दोन्ही बाजू वाचा. बाइकच्या टायरवर मापाच्या आसपास बहुतेक वेळा इंग्रजीत एम/सी, म्हणजे मोटरसायकल, ही अक्षरं असतात, कारच्या टायरवर ती नसतात. त्याहून पक्की खूण आयएसआयच्या शिक्क्याजवळ सापडते. दुचाकी-तीनचाकीच्या टायरला आयएस १५६२७ हे मानक लागतं, प्रवासी कारच्या टायरला आयएस १५६३३. कुठलीही अक्षरं घासलेली दिसली तर पुढे बोलणीच करू नका. "ह्याचा लोड इंडेक्स बघा, पाचशे किलो पेलतोय" असंही ऐकवतील. ८४ म्हणजे ५०० किलो हे खरं आहे, पण टायर वजन किती पेलतो याचा आणि तो वळणात कसा वागतो याचा काही संबंध नाही.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याचा दुसरा पवित्रा तयार होता. "अमेरिकेत लोक मुद्दाम टाकतात." टाकतात, हे खरं आहे. तिथे लांब पल्ल्याच्या जड टूरिंग बाइकचे काही मालक मागे कारचा टायर घालतात, कारण तो जास्त टिकतो. टायर कंपन्या नको म्हणत असताना, स्वतःच्या जबाबदारीवर घालतात. साइडकार जोडलेली बाइक वळणात झुकत नाही, तिला सपाट टायर चालून जातो हेही मान्य. पण ते लोक काय घालतोय हे माहीत असून घालतात. त्यांना कुणी अक्षरं घासून विकलेलं नसतं.

मग म्हणाला, गाडी आमच्याकडे अशीच आली होती. माझ्याकडे त्याच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता, "न्यू इम्पोर्टेड टायर" असं स्पष्ट लिहिलेला, आणि एक्स्ट्रा फिटिंगचं बिल होतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याला पाठवला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, हेही खाली लिहिलं. दुसऱ्याच दिवशी आवाज मऊ झाला. पण हे दुकानातून पावती घेऊन केलेल्या खरेदीपुरतं. घरगुती विक्रेत्याकडून गाडी घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा उपयोग होत नाही, तिथे टायर आधी वाचणं हाच बचाव.

नऊ हजार परत द्यायला तो तयार झाला, अट एकच: टायर जसाच्या तसा परत हवा. ही अट ऐकून तो पुढच्या कुठल्या गाडीला जाणार हे न सांगता कळलं. मी टायरचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कळ्याच्या त्याच पोराकडून बीडची तार दोन ठिकाणी कापून घेतली आणि मग दुकानात नेऊन टाकला. त्याने साडेचार हजार दिले. उरलेल्या साडेचारसाठी आयोगाचा अर्ज भरतोय, मडगार्डचा खर्चही त्यात धरलाय.