वन्य सॅमनच्या अंड्यांचा अंदाज: सरासरी, वजन की लांबी?

नदीत परतलेल्या माद्यांची मोजणी झाली की त्या एकूण किती अंडी घालतील, हा प्रश्न उभा राहतो. अटलांटिक कॅनडात संवर्धनाची किमान गरजच नदीपात्राच्या दर चौरस मीटरमागे २.४ अंडी अशी मांडलेली आहे. तिथे हा अंदाज चुकला तर पुढचा सगळा हिशेब फसतो. अंदाजाचे तीन मार्ग रूढ आहेत, पण ते एका तोडीचे नाहीत.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दर मादीमागे ठरावीक सरासरी धरून माद्यांच्या संख्येने गुणणे. पिंक सॅमन या जातीसाठी तो बऱ्यापैकी चालतो, कारण हे मासे जवळजवळ सगळेच दोन वर्षांचे होऊन परततात. चिनूक या सॅमनच्याच दुसऱ्या जातीच्या माद्या मात्र वेगवेगळ्या वयात आणि आकारात परततात, शिवाय अलास्कातील चिनूक गेल्या काही दशकांत लहान होत गेले आहेत. समजा, अंड्यांची संख्या लांबीच्या २.५ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. मग लांबी १० टक्क्यांनी घटली की अंडी सुमारे २३ टक्क्यांनी घटतात. माद्यांची संख्या तेवढीच राहिल्याने जुनी सरासरी वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

वजनावरचा दर, म्हणजे किलोमागे अमुक अंडी, याहून बरा वाटतो; पण सॅमन गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणे जवळपास थांबवतो, अंगातली चरबी खर्च होते आणि अंडाशय वाढत जाते. त्यामुळे नदीच्या मुखाशी घेतलेले वजन आणि विणीच्या जागेवरचे वजन यांना एकच दर लावता येत नाही, आणि मेलेल्या माशांच्या वजनाचा तर उपयोगच नाही.

माझा कौल लांबीच्या बाजूने आहे, मात्र कोणती लांबी हे आधी ठरवावे. मादी शेपटीने खडी उकरून घरटे करते आणि त्यात शेपटीची कड झिजते, म्हणून विणीनंतर नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतचे माप फसवे ठरते. डोळ्यापासून शेपटीच्या बुडाच्या हाडापर्यंतचे माप अधिक भरवशाचे. लांबी आणि अंडी या दोहोंचे लॉगरिदम घेऊन सरळ रेषा बसवण्याची पद्धत आहे. तिच्यावरून मूळ संख्येकडे परतताना दुरुस्ती केली नाही तर सरासरी कमी येते, ही बाब अनेकदा नजरेआड होते.

खरा धोका दुसऱ्या नदीवरून उसन्या घेतलेल्या लांबी-अंडी समीकरणात आहे. कोहो या सॅमनच्या आणखी एका जातीच्या उत्तरेकडच्या माद्या त्याच लांबीला जास्त, पण लहान अंडी देतात. म्हणून दूरच्या नदीचे समीकरण आपल्या नदीला लावू नये. हॅचरीतील, म्हणजे माशांच्या कृत्रिम प्रजनन केंद्रातील, आकडे सहज मिळतात, परंतु पोट दाबून काढलेल्या अंड्यांत काही आतच राहतात आणि मोजणी कमी भरते. स्वतःचे समीकरण बसवायचे तर लहान-मोठ्या सर्व आकारांच्या माद्यांचे अंडाशय काढून, थोड्या अंड्यांचे वजन व गणती करून एकूण संख्या काढावी लागते. नमुने फार लवकर घेतले तर पुढे शरीरात जिरून जाणारी अंडीही त्यात मोजली जातात.

वय आणि वर्ष ही चले हाताशी अनेक हंगामांची माहिती असेल तरच जोडावीत. मासे इतके कमी असतील की माद्या मारणे परवडत नाही, तेव्हा शेजारच्या नद्यांची माहिती एकत्र घेणारे बहुस्तरीय मॉडेल वापरावे आणि अंदाजाबरोबर त्याची कमाल-किमान मर्यादाही द्यावी.