सर्व्हरमधून उतरवलेलं कार्ड आणि ओपनबीएसडी: नऊ महिन्यांनंतर

डोंबिवलीतल्या घराचं सगळं इंटरनेट गेले नऊ महिने एका जुन्या ऑफिस-पीसीतून जातंय. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, आडवा बुटका डबा. किंमत ४,२००. त्यात चार पोर्टांचं इंटेल आय३५० नेटवर्क कार्ड, तेही वापरलेलंच, २,१०० रुपयांना. वर ओपनबीएसडी ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि डबा झाला घराचा राउटर.

पहिलं कार्ड मात्र हे नव्हतं. ऑनलाइन 'नवं कोरं आय३५०' निम्म्या किमतीत दिसलं आणि मी भुललो. आठवडाभर छान चाललं. मग दुपारच्या उकाड्यात दोन नंबरचा पोर्ट गळायला लागला. नेटवर्कचे आकडे दाखवणाऱ्या 'नेटस्टॅट' कमांडमध्ये पाहिलं तर त्या पोर्टापुढचा एररचा आकडा दर तासाला फुगतोय. केबल बदलली, स्विच बदलला, आकडा फुगतोच आहे. आय३५०च्या नकला बाजारात भरपूर आहेत हे मला तोवर ऐकून माहीत होतं, इतकंच. पैसे परत मिळाले नाहीत.

दुसऱ्या खेपेला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला, खिशात ओपनबीएसडीच्या इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह घेऊन. दुकानदाराला म्हटलं, "कार्ड लावून एकदा मशीन चालू करू द्या, मग पैसे." तो हसला, पण त्याने दिलं करू. इन्स्टॉलरमधून शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावर, गेलो आणि डीमेसेज, म्हणजे मशीनला सापडलेल्या हार्डवेअरची यादी, वाचली: इंटेलची कार्डं चालवणाऱ्या ईएम ड्रायव्हरच्या चार ओळी, चारही ओळींत आय३५०. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या, चकचकीत डब्यातल्या कार्डाला 'नॉट कॉन्फिगर्ड' आलं. म्हणजे कार्ड दिसतंय, पण ड्रायव्हर नाही. अर्थात नक्कल चांगली असेल तर तीही अशीच ओळख सांगते, म्हणून मुद्दाम सर्व्हरमधून उतरवलेलं, धूळ बसलेलं कार्ड घेतलं. धूळ पाहून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

खरेदीआधी 'मॅन ईएम', म्हणजे ईएम ड्रायव्हरचं माहितीपान (मॅन पेज), वाचाच. कुठल्या चिपा चालतात त्यांची यादी त्यातच आहे. खोक्यावरच्या नावाला अर्थ नाही, चिपचा नंबर बघायचा. प्रोसेसरवर मात्र पैसे घालवू नका. माझी लाइन २०० एमबीपीएसची आहे आणि हा आय३ दिवसभर झोपलेलाच असतो. भिंतीवरच्या मीटरवर २४ वॉट दिसतात, म्हणजे महिन्याला साधारण १७ युनिट. जुना सर्व्हरच फुकट मिळतोय म्हणून आणणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

कार्ड बसवल्यावर पहिलाच गोंधळ नावांचा झाला. आधी बोर्डावरचा पोर्ट ईएम० होता. कार्ड घातलं तर कार्डाचे चार पोर्ट ईएम० ते ईएम३ झाले आणि बोर्डावरचा गेला ईएम४ला. इथे नाव मिळतं ते सापडण्याच्या क्रमाने. माझी जुनी सेटिंगची फाइल भलत्याच पोर्टाला लागली आणि रात्री अकरा वाजता मी मॉनिटर शोधत फिरलो. आता पोर्टाच्या मॅक पत्त्याने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हार्डवेअर नंबरानेही, फाइलचं नाव देता येतं, ते आधीच करा.

दुसरा गोंधळ पीपीपीओईचा, म्हणजे ज्या पद्धतीने माझी लाइन कंपनीकडे लॉगिन होते तिचा. सगळं चालतंय, पण मोजक्या साइट अर्धवट उघडून लटकतात. पीपीपीओई पॅकेटमधले आठ बाइट खातं, १५०० चे १४९२ उरतात. पीएफ या ओपनबीएसडीच्या फायरवॉलमध्ये मॅक्स-एमएसएस १४४० ची, म्हणजे पॅकेटमधल्या डेटाला मर्यादा घालणारी, एक ओळ घातली आणि विषय मिटला. ती ओळ पीपीपीओईच्या मॅन पेजमध्ये तयारच आहे. मी ते शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, हा भाग वेगळा.

वायफाय या मशीनवर करू नका. त्यासाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट लावलाय, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

खरी तक्रार एकच. ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टिमला जर्नलिंग नाही, म्हणजे अचानक बंद पडल्यावर डिस्क पटकन सावरायला बदलांची नोंदवही नाही. पावसाळ्यात वीज गेली, आली, आणि मशीन एफएससीके या डिस्क तपासणीपाशी येऊन उत्तराची वाट बघत बसलं. मॉनिटर जोडलेला नाही, त्यामुळे घरी कुणाला काही कळेना. ऑफिसात आईचा फोन: "तुझा तो डबा परत रुसलाय." त्या शनिवारी छोटा यूपीएस आणला, १,९०० रुपये. म्हणजे कार्डाच्या जवळपास इतकेच. हा खर्च सुरुवातीलाच धरायला हवा होता. त्यानंतर मशीन फक्त सिसअपग्रेडने नवी आवृत्ती घालताना, म्हणजे एकदाच, रीस्टार्ट झालंय.

आणि हो, सर्व्हरच्या कार्डाला लांब ब्रॅकेट येतं, ते बुटक्या डब्यात बसत नाही. दोन स्क्रू काढून ब्रॅकेट काढलं, पण मग केबल ओढली की कार्ड हलतं. आखूड ब्रॅकेट वेगळं मागितलं तर ४०० रुपये सांगतात. सध्या दोन केबल टायवर काम भागलंय.