डेबियन १३ चा इन्स्टॉलर: त्यात झेडएफएस बसवताना काय दिसलं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्नच्या (ओतकामाच्या नमुन्यांच्या) वर्कशॉपचा फाईल सर्व्हर माझ्याकडं आहे. कास्टिंगची ड्रॉइंगं, कॅडच्या फाईली, गिऱ्हाइकानं मंजूर केलेल्या जुन्या आवृत्त्या, सगळं त्यावर. पाच-सहा वर्षांनी एखाद्या पंप हाऊसिंगची ऑर्डर परत येते, तेव्हा ती जुनी फाईल जशीच्या तशी उघडावी लागते. म्हणून मला झेडएफएस हीच फाईलसिस्टीम (डिस्कवर फाईली मांडून ठेवणारी व्यवस्था) हवी. ती प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (बिघाड ओळखायची खूण) ठेवते आणि मिररमधल्या (दोन डिस्कांवर तोच डेटा) एका डिस्कवरचा ब्लॉक बिघडला तर दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करते. तीही रूटसकट (ज्यावर खुद्द सिस्टीम राहते त्या भागासकट), इन्स्टॉल करतानाच हवी, कारण अशी मशीनं अजून बसवायची आहेत आणि ती वर्कशॉपमधल्या पोरांनाच बसवता यायला हवीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स वितरणाच्या इन्स्टॉलरमध्ये झेडएफएस नाही. कारण परवान्याचं आहे. झेडएफएस सीडीडीएलखाली, लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) जीपीएलखाली, आणि हे दोन परवाने एकमेकांशी जुळत नाहीत असं मानलं जातं. त्यामुळं डेबियन तिला कॉन्ट्रिब या वेगळ्या विभागात ठेवतं आणि डीकेएमएस हे साधन तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) ज्याच्या त्याच्या मशीनवर बांधतं. इन्स्टॉलरच्या आत मात्र कंपायलरही नाही आणि कर्नलचे हेडरही नाहीत. मॉड्यूल आधी बाहेर बांधायचं आणि मग आत न्यायचं, एवढाच रस्ता उरतो.

आणि इथंच हा इन्स्टॉलर मला मनापासून आवडला. तो एकसंध प्रोग्राम नाही. यूडेब नावाच्या छोट्या पॅकेजांचा तो बनलेला आहे: ईएक्सटी४ ची मॉड्यूलं वेगळ्या यूडेबमध्ये, एक्सएफएसची वेगळ्या, डिस्कचे भाग पाडणारा पार्टमॅन वेगळा. नवीन फाईलसिस्टीम घालायची असेल तर बीटीआरएफएस या दुसऱ्या फाईलसिस्टीमसाठीच्या पार्टमॅन-बीटीआरएफएसचं सोर्स उघडून वाचा. त्यात बहुतेक सगळ्या साध्या शेल स्क्रिप्टच आहेत. फाईलसिस्टीमचं नाव यादीत आणणारी व्हॅलिड-फाईलसिस्टीम्समध्ये, फॉरमॅट करणारी कमिट-डीमध्ये, एफएसटॅबची (काय कुठं माउंट करायचं त्या यादीची) ओळ लिहिणारी एफएसटॅब-डीमध्ये. कुठली आधी चालणार ते नावातल्या आकड्यावरून ठरतं. इतकी उघडी, हाताला लागणारी रचना मी दुसऱ्या कुठल्या इन्स्टॉलरमध्ये पाहिलेली नाही.

पूर्ण आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क-प्रतिमा) नव्यानं बांधायचीही गरज नाही. कर्नल एकामागं एक जोडलेले सीपीआयओ संग्रह (अनेक फाईलींची एक गाठोडी-फाईल) वाचतो, म्हणून आपलं मॉड्यूल, झेडपूल आणि झेडएफएस या कमांडा, त्यांना लागणाऱ्या लायब्ररी आणि स्क्रिप्ट असा दुसरा संग्रह करून मूळ इनिटआरडीच्या (सुरुवातीलाच मेमरीत चढणाऱ्या इन्स्टॉलरच्या फाईलीच्या) शेपटीला जोडायचा. एलडीडी ही कमांड लावून लायब्ररींची यादी काढा, कारण इन्स्टॉलरमध्ये मोजक्याच असतात. ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीत चालतो, म्हणून माझ्या स्क्रिप्टचे प्रश्नही मी मराठीत लिहिले. ‘कोणत्या दोन डिस्कचा मिरर करायचा?’ हे पोरांना न अडखळता समजतं.

आता त्रासाचं. मॉड्यूल आणि इन्स्टॉलरचा कर्नल तंतोतंत एकाच आवृत्तीचे लागतात. पॅटर्न आणि कोअर बॉक्समध्ये सूतभर फरक पडला तर कोअर बसत नाही, तसंच. पॉइंट रिलीज आली की कर्नल बदलतो आणि मॉड्यूल परत बांधावं लागतं. नेटबूटवर (नेटवर्कवरून इन्स्टॉलर सुरू करताना) तर आणखी पंचाईत: इनिटआरडी जुनं आणि डेबियनच्या डाउनलोड मिररवर नवा कर्नल असला, की ‘कर्नल मॉड्यूल सापडली नाहीत’ म्हणून काम तिथंच अडतं. या कामाला आयएसओच वापरा.

दुसरी अडचण पार्टमॅनच्या मूळ कल्पनेतच आहे. एक पार्टिशन, एक फाईलसिस्टीम, एक माउंट पॉइंट, असा त्याचा हिशेब. झेडएफएसमध्ये दोन डिस्कांचा एक पूल (एकत्र साठा) आणि त्यात कितीही डेटासेट (वेगवेगळ्या फाईलसिस्टीमी). म्हणून ईएफआय आणि बूट हे मशीन सुरू करणारे दोन भाग पार्टमॅनच्या हाती ठेवले (बूट ईएक्सटी४ वर, कारण ग्रब या बूटलोडरला झेडएफएसची सगळी नवी वैशिष्ट्यं वाचता येत नाहीत) आणि पूल बनवून टार्गेटवर (नवी सिस्टीम जिथं बसते तिथं) माउंट करायचं काम माझ्या स्क्रिप्टनं घेतलं. हे जमतं, पण पार्टमॅनच्या पडद्यावर पूल नीट दिसत नाही आणि नवख्या माणसाला तिथं शंका येते. डेबियनकडं एकेकाळी केफ्रीबीएसडीसाठी (फ्रीबीएसडीचा कर्नल वापरणाऱ्या डेबियनसाठी) पार्टमॅन-झेडएफएस होतं. ते लिनक्ससाठी पुढं चालवलं गेलं असतं तर किती बरं झालं असतं!

होस्टआयडीकडंही (मशीनच्या ओळख-क्रमांकाकडं) लक्ष द्या. पूल इन्स्टॉलरमध्ये तयार होतो, त्यामुळं त्यावर इन्स्टॉलरची खूण राहते आणि नवी सिस्टीम पहिल्या बूटला ‘हा पूल दुसऱ्या मशीनचा आहे’ म्हणून अडते. शेवटच्या स्क्रिप्टमध्ये पूल एक्सपोर्ट केला (रीतसर सोडून दिला) की प्रश्न सुटतो. टार्गेटवर झेडएफएस-डीकेएमएस, हेडर आणि झेडएफएस-इनिटरॅमएफएस तीनही हवेत, नाहीतर रूट सापडणारच नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. तो बंद करा किंवा स्वतःची किल्ली नोंदवा.

कॅलामारेस या दुसऱ्या इन्स्टॉलरमध्ये झेडएफएसचं मॉड्यूल आहे आणि उबुंटूनं १९.१० पासून रूटवर झेडएफएसचा पर्याय देऊन पाहिला. एकाच मशीनपुरतं हवं असेल त्यानं तिकडंच जावं. स्वतःच्या पद्धतीनं, तेही अनेक मशीनांवर बसवायचं असेल, तर डेबियनच्या इन्स्टॉलरला मी पाचपैकी चार देतो. एक गुण कापला तो ईएफआय पार्टिशनसाठी: इन्स्टॉलर ते एकाच डिस्कवर धरतो. ती डिस्क गेली तर मिरर शाबूत असूनही मशीन उठत नाही. बूटसाठी पार्टमॅनमधलंच सॉफ्टवेअर रेड (दोन डिस्कांवर तीच प्रत ठेवणारी सोय) वापरा, आणि ईएफआयची प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकणारी स्क्रिप्ट फिनिश-इन्स्टॉलमध्ये (इन्स्टॉल संपताना चालणाऱ्या टप्प्यात) ठेवा. आधी क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीनमध्ये) दोन डिस्क देऊन, पहिली काढून, मशीन बूट होतंय का ते बघा. मगच वर्कशॉपमध्ये न्या.