०.०१ ग्रॅमचा पॉकेट वजनकाटा: युद्धकाळातली नाणी तपासायला कितपत उपयोगी?

झाकणाचा, २०० ग्रॅमपर्यंत तोलणारा, पाचशेच्या आतबाहेर मिळणारा काटा. डब्यावरची नावं वेगवेगळी असतात, आतला माल बहुतेक तोच. नाणी जमवणाऱ्याने जरूर घ्यावा, पण सोबत छोटा निओडिमियम चुंबक हवाच. आणि काट्याला काय कळत नाही, हे आधी पक्कं माहीत हवं.

अमेरिकेहून आलेल्या जुन्या चिल्लरीत १९४३ चा तांब्याच्या रंगाचा सेंट निघाला की घरात लगेच लाखांची गणितं सुरू होतात. त्या वर्षी तांबं युद्धाच्या कामाला लागत असल्याने सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले गेले, वजन सुमारे २.७ ग्रॅम. आधीच्या वर्षाच्या काही कांस्य चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांच्यावर १९४३ चा ठसा उमटला. अशी नाणी जेमतेम वीस-पंचवीस माहीत आहेत, डेन्व्हर टांकसाळीचं तर एकच. खऱ्याचं वजन ३.११ ग्रॅमच्या आसपास.

आधी चुंबक लावा. चिकटलं तर पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा आहे, विषय संपला. नाही चिकटलं तर काट्यावर ठेवा. पण इथेच बरेच जण फसतात. १९४८ च्या सेंटमधला ८ डावीकडून घासून ३ केला, तर नाणं अस्सल कांस्याचं, वजनही बरोबर. चुंबक आणि काटा दोन्ही त्याला पास करतात. मग दहापट भिंगच कामाचं: १९४३ च्या ३ ची शेपटी बाकीच्या आकड्यांच्या रेषेखाली लांब उतरते, घासलेल्या ८ ची तशी उतरत नाही. शेजारी त्याच वर्षाचा साधा पोलादी सेंट ठेवून बघावं. १९४४ चं नेमकं उलटं आहे. त्या वर्षी पुन्हा तांबं आलं, आणि चुकून पोलादी चकतीवर पडलेला सेंट दुर्मिळ. तो चुंबकाला चिकटायलाच हवा.

आपल्याकडच्या युद्धकाळातल्या नाण्यांसाठी काटा जास्त कामाला येतो. १९४२ पर्यंतचा पाव आणा ४.८६ ग्रॅमचा, १९४३ पासूनचा, तेवढ्याच किमतीचा भोकाचा पैसा साधारण २ ग्रॅमचा. धातू कसा वाचवला ते आकड्यातच दिसतं. खरी मजा रुपयात आहे. १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली, वजन मात्र ११.६६ ग्रॅमच ठेवलं. त्यामुळे नुसतं तोलून दोन्ही सारखेच दिसतात. घनता काढावी लागते.

काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून टेअर, म्हणजे आकडा शून्यावर आणणारं बटण, दाबा. नाणं तंगुसाने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा; तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. जुन्या चांदीचा रुपया सुमारे १.१३ दाखवतो, १९४० नंतरचा १.२२ च्या जवळपास. झिजलेलं नाणं असेल तर कोरडं वजन भागिले हा आकडा: १०.३ च्या आसपास आलं तर जुनी चांदी, साडेनऊच्या आसपास आलं तर निम्मी. नाण्याला बुडबुडा चिकटला की आकडा फुगतो आणि चांगली चांदी निम्मी भासते, म्हणून पाण्यात लिक्विड साबणाचा एकच थेंब टाकावा आणि तीनदा मोजावं. दुर्मिळ १९३९ चा रुपया म्हणून दाखवलेलं नाणं मुळात १९४० नंतरचं असेल तर इथे उघडं पडतं. १९३८ चं साल खरवडून १९३९ केलेलं असेल तर चांदी जुनीच, तेव्हा परत भिंगाकडेच. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. त्याला पाण्याची गरज नाही.

पोलादी सेंट मात्र पाण्यात अजिबात नको. मुलामा दिलेल्या पत्र्यातून चकत्या कापल्याने त्यांची कड उघडी असते, आणि खाडीकाठच्या पावसाळी हवेत ती आधीच गंजायला टपलेली असते.

आता काट्याचे दोष. शून्याजवळ तो आपोआप शून्य धरून ठेवतो, त्यामुळे नाणं फार हळू बुडवलं तर वजनाचा थोडा भाग गिळून टाकतो. एका दमात बुडवा. एक-दोन मिनिटांत आपसूक बंद पडतो, हा पाण्याच्या चाचणीत वैताग. पंख्याखाली आकडा नाचतो, मोबाईल शेजारी असला तरी भरकटू शकतो. सेल उतरले की आधी आकडा सरकतो, इशारा नंतर येतो.

काटा जुळवून घ्यायचं १०० ग्रॅमचं कॅलिब्रेशन वजन बहुधा डब्यात नसतं, वेगळं घ्या. तोवर २०११ नंतरची, न झिजलेली एक रुपयाची दहा नाणी ठेवून बघा: प्रत्येकी ३.७९, म्हणजे मिळून ३७.९ च्या जवळ यायला हवं. शंका राहिलीच तर ठाण्यात नौपाड्यात ओळखीच्या सराफाकडे काटा नेऊन ताडून घ्यावा. या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसतो, तेव्हा घरच्या तपासणीपुरता ठीक. चांदी विकताना सराफाच्याच काट्यावर तोलून घ्या.