इन्व्हर्टर टी-टी करतोय म्हणून बॅटरी बदलली आणि फसलो

मे महिना, भर दुपार, लाईट गेलेली. एरवी तीन तास पंखे ओढणारा आमचा इन्व्हर्टर दहा मिनिटांत टी-टी करायला लागला. आई आजारी, म्हणून फार चौकशी न करता अशोक चौकाकडच्या एका दुकानाला फोन लावला.

पोरगा आला, मीटर लावलं. १०.८ व्होल्ट. "काका, बारा पायजे. सेल गेलाय, बॅटरी फुगंल." मी गप्प. उतरलेल्या बॅटरीला लोड चालू ठेवून मीटर लावलं की चांगली बॅटरीसुद्धा अकराच्या आतबाहेरच दाखवते, अलार्म वाजतो तोच मुळी त्यासाठी, हे मला कुठं माहीत? त्यानं ना पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट बघितले, ना ॲसिडची घनता मोजणारं हायड्रोमीटर काढलं.

जुनी दीडशे एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर बॅटरी दीड हजारात जमा, वर दहा हजार रोख. जुनी खाली न्यायला दोघं लागले. 'नवी' मात्र एकटा पोरगा खांद्यावर घेऊन जिना चढला. खरं तर तिथंच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती. दीडशे एएच म्हणजे पन्नास किलोच्या वरच भरते. वर नवं स्टिकर, पण नंबर खरवडलेला. तोही नंतर दिसला.

तीन आठवड्यांत पुन्हा टी-टी.

शेजारचे अण्णा टॉवेलच्या कारखान्यात वायरमन. त्यांनी लाईट असताना, चार्जिंग चालू ठेवून मीटर लावलं. वायरच्या लगवर (बॅटरीला कसायच्या धातूच्या टोकावर) १३.८, लगखालच्या शिशाच्या टर्मिनलवर १२.१. लग आतून हिरव्या-पांढऱ्या गंजानं खाल्लेला. करंट बॅटरीत पोचतच नव्हता. त्या पोरानं तोच लग उचलून नव्या बॅटरीला कसला होता! अण्णांनी मेन बंद केलं, गरम पाण्यानं लग धुतला, घासला, आवळला, वर व्हॅसलीन. खर्च शून्य. टी-टी थांबली, पण ही 'नवी' पाऊण तासाच्या वर काही जात नाही. म्हणजे माझी जुनी धडधाकट होती, आणि भंगारात जरी घातली असती तरी नुसत्या शिशाचे दीड हजाराहून कितीतरी जास्त आले असते.

दुकानात गेलो. मालकानं आधी चहा सांगितला, मग म्हणाला, "बिल दाखवा की काका."

बिल नको म्हणून पाचशे कमी केले होते त्यानं.