वांदिवाशची डे ट्रिप: किल्ला बघायला नको, लढाई ऐकायला जा

पाँडिचेरीच्या एका लोकल टूरवाल्याकडून केली, माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. एमपीएससीवाल्यांना ‘वांदिवाश १७६०’, म्हणजे इंग्रज-फ्रेंच लढाई, एवढंच पाठ असतं ना, ते हे गाव, आता वंदवासी म्हणतात, तिंडिवनमवरून जायचं.

आधी वाईट. जाहिरातीत ‘भव्य फ्रेंच किल्ला’ लिहिलंय ती शुद्ध थाप आहे. किल्ला मुळात फ्रेंचांनी बांधलेलाच नाही आणि भव्य म्हणावं असं काही शिल्लकही नाही, लहान पोरं तर कंटाळणारच. एसी बरा, जेवण ठीक.

पण गाइड! रिटायर्ड मास्तर, हिंदी तोडकीमोडकी पण माणूस विषयात मुरलेला. फ्रेंच सेनापती लाली किल्ल्याला वेढा घालून बसलाय, मागून इंग्रजांचा सेनापती आयर कूट आला, २२ जानेवारीला सकाळी भिडले. लालीच्या घोडदळानेच आधी पुढे जायला नकार दिला, मग लोरेन रेजिमेंट धावून गेली ती इंग्रजांच्या बंदुकांपुढे फुटली, तेवढ्यात इंग्रजांचा एक गोळा फ्रेंचांच्या दारूगोळ्याच्या गाडीवर पडला आणि तळ्याजवळची अख्खी फळी उधळली, फ्रेंच सरदार बुसी सावरायला गेला तर तोच पकडला गेला. हाच बुसी हैदराबादेत निजामाला खिशात घालून बसलेला, लालीने त्याला १७५८ ला तिथून उठवलं, माझ्या मते फ्रेंच तिथेच हरले, वांदिवाशला फक्त निकाल लागला.

आणि आपले लोक? लालीकडे मुरारराव घोरपड्यांकडून आलेले तीनेक हजार मराठा स्वार होते, ते लढाईत उतरलेच नाहीत, लांबून बघत राहिले. इकडे दहा-बारा दिवसांनी भाऊसाहेबांनी उदगीरला निजामाला लोळवलं, तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी, तोही बुसीच्याच तालमीतला. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपत आणि १६ ला फ्रेंचांचं पाँडिचेरी इंग्रजांपुढे पडलं, दोनच दिवसांचं अंतर! हे मास्तरांनी कॅलेंडरसारखं सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. लालीचं पुढे १७६६ ला पॅरिसात मुंडकं उडवलं, ते मात्र त्यांनी एका वाक्यात उरकलं, मला अजून ऐकायचं होतं.

बुक करताना मास्तरच पाहिजेत असं आधी ठरवून घ्या, दुसरा कोणी आला तर पैसे वाया. टोपी, पाणी न्या. कोरई गवताच्या चटया इथल्या फेमस आहेत, पण ड्रायव्हर नेतो त्या दुकानात घेऊ नका, बाजारात स्वस्त मिळाली.