टी.ई.ई. अभ्यासक्रम: पुस्तकापेक्षा बैठक जपा

अहिल्यानगर, बीड, जालना या पट्ट्यात चर्चच्या एकेका पाळकसाहेबांकडे (पास्टरकडे) बऱ्याच गावांची जबाबदारी असते. बहुतेक रविवारी उपासना चालवतो तो गावातलाच कुणी वडील, म्हणजे चर्चचा ज्येष्ठ पुढारी: शाळामास्तर, शेतकरी नाहीतर एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. घर-शेत सोडून काही वर्षं ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) महाविद्यालयात जाऊन राहणं त्याला परवडत नाही. टी.ई.ई., म्हणजे राहत्या ठिकाणी मिळणारं ईश्वरविज्ञानाचं शिक्षण, अशा माणसासाठीच आहे. मंडळीतले, म्हणजे गावच्या चर्चमधले, पुढारी तयार करायला आज इतकी कामाची दुसरी सोय नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण ती नीट चालवली तरच.

ही पद्धत 1963 साली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या सेमिनरीने, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयाने, सुरू केली. राजधानीत शिकलेली खेड्यातली मुलं खेड्यात परतत नव्हती, आणि खेड्यात जे खरोखर मंडळी चालवत होते ते घरसंसार टाकून राजधानीत येऊ शकत नव्हते. मग सेमिनरीच त्यांच्याकडे गेली. भारतात याच कामासाठी 1971 मध्ये बंगळुरूला टाफ्टी ही संस्था उभी राहिली.

अभ्यासक्रमाचे तीन भाग असतात: घरचा अभ्यास, आठवड्याची बैठक आणि प्रत्यक्ष सेवा. त्यासाठी कुंपणाचं उदाहरण देतात. अभ्यास आणि सेवा या दोन आडव्या पट्ट्या, बैठक हा त्यांना धरून ठेवणारा खांब. खांब हलला की दोन्ही पट्ट्या जमिनीवर.

घरच्या अभ्यासाची पुस्तकं खरोखर हुशारीने बेतलेली असतात. चार-पाच ओळींचा मजकूर, लगेच त्यावर प्रश्न, उत्तराला रिकामी जागा आणि थोडं खाली बरोबर उत्तर. जाड कागदाची पट्टी ठेवून उत्तर झाकायचं, आपलं उत्तर पेन्सिलने लिहायचं, मग पट्टी खाली सरकवून ताडून पाहायचं. सातवीपर्यंत शिकलेल्यालाही हे जमतं. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढं पुरतं. पहिल्या बैठकीतच प्रत्येकाच्या हातात लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी द्या. पट्टी नसली की डोळा आधी उत्तरावर जातो, हात ते उतरवतो आणि डोक्यात काहीच राहत नाही.

भाषेबद्दल तक्रार आहे. मराठी भाषांतरं पुष्कळदा पुस्तकी असतात. ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ असलेल्या आजींना ‘समर्पणात्मक जीवनशैली’ हा शब्द अडतो. असे शब्द आधीच हेरून त्यांना गावातला शब्द शोधून ठेवणं हे गटचालकाचं काम.

सगळ्यात जास्त बिघाड बैठकीत होतो. गटचालक बहुधा पाळक किंवा प्रचारक असतो आणि त्याला उपदेशाची सवय असते. दहा मिनिटांत तो उभा राहतो, बाकीचे मान डोलावतात, आणि घरी अभ्यास न करताही निभावतं हे सगळ्यांना कळतं. तिसऱ्या आठवड्यापासून वह्या कोऱ्या येऊ लागतात. म्हणून नियम साधे ठेवा: सहा ते दहा माणसं, गोल बसायचं, गटचालकानेही बसूनच बोलायचं. सुरुवातीला दहा मिनिटं वह्या पाहायच्या, मग गेल्या आठवड्याची सेवा कशी झाली ते प्रत्येकाने सांगायचं, आणि त्यानंतरच धडा. दीड तासात आटोपायचं. दहाच्या वर माणसं झाली तर दुसरा गट करा. मोठ्या गटात बायका बोलत नाहीत, आणि मंडळीची निम्मी कामं तर त्याच ओढतात.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र आशयावर आहे. शास्त्रपाठ, उपदेशाची तयारी, घरभेटी हे सगळं या अभ्यासात भक्कम आहे. समाजाचे प्रश्न मात्र त्या मानाने पातळ. ही भर गटालाच घालावी लागते, आणि घातली तर अभ्यास जिवंत होतो.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा 5 वा अध्याय घ्या. शेतं-द्राक्षमळे गहाण पडलेत, मुलं दास्यात चाललीत, आणि नहेम्या सरदारांना व्याज सोडायला लावतो. धडा इथे संपवू नका. मंडळीतल्या बायकांच्या कर्जाची हप्त्याची कार्डं पुढच्या बैठकीला मागवा. दहा हजारांचं कर्ज, ‘बारा टक्के’ सपाट व्याज, 52 हप्ते: म्हणजे 11,200 रुपये फेडायचे, आठवड्याला साधारण 215. मुद्दल दर आठवड्याला कमी होतं, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर. त्यामुळे खरा दर बावीस-तेवीस टक्क्यांवर जातो. हे गणित फळ्यावर एकदा मांडलं की नहेम्याचा संताप समजावून सांगावा लागत नाही. पुढची पायरी, मंडळीतल्या महिलांचा बचत गट, लोकच सुचवतात.

असंच आणखी दोन ठिकाणी करा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे, दलित ख्रिस्ती त्याबाहेर आहेत. आपल्या मुलांच्या दाखल्यांवर याचा काय परिणाम होतो, हे मंडळीच्या पुढाऱ्याला नेमकं सांगता आलं पाहिजे. आणि पंच कमिटीने एखाद्या घराला वाळीत टाकायचं ठरवलं, तर महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, हेही त्याला ठाऊक हवं. मंडळीतली जात आणि भाऊबंदकी यांवर एकही धडा न घेता ‘परिवर्तन’ शिकवलं, तर ते व्यासपीठापुरतंच राहतं.

सेवेचा भाग कागदावर राहू नये म्हणून प्रत्येकाला एकच काम द्या, मोजता येईल असं: महिन्यात चार घरभेटी, किंवा ग्रामसभेला हजर राहून एक प्रश्न विचारणं, किंवा दारू सोडू पाहणाऱ्या एका माणसाला दर आठवड्याला भेटणं. ‘प्रार्थना करत राहीन’ हे काम म्हणून लिहून घेऊ नका. प्रार्थना तर हवीच, पण गटाला विचारता येईल असं काहीतरी त्यासोबत हवं.

पूर्णवेळ पाळक व्हायचं असेल, मूळ ग्रीक-हिब्रूतून शास्त्र शिकायचं असेल, तर हा मार्ग अपुरा आहे. त्यासाठी निवासी सेमिनरीतच जावं. 1953 मध्ये यवतमाळला सुरू झालेली आणि 1983 मध्ये पुण्याला बिबवेवाडीत आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच एक.

गट सुरू करताना हंगाम पाहा. मराठवाड्यात दिवाळीनंतर सुरू केलेला गट महिनाभरातच फुटतो, कारण निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यावर निघून जातात आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. मेमध्ये माणसं जमवा, पेरणी आटोपली की पहिलं पुस्तक उघडा, आणि कोयते बाहेर पडण्याआधी शेवटचा धडा उरका.